चौथा प्रहर

शिवरात्रीच्या चौथ्या प्रहराची पूजा मी लहानपणी एकदाही पाहिली नाही. पहिल्या प्रहरी पिंडीवर दुधाचा अभिषेक होई, तेव्हा मी टक्क जागी असे. दुसऱ्या प्रहरी दही येई, तोवर पापण्या जड झालेल्या असत. तिसऱ्या प्रहराचे तूप मला केवळ वासावरून आठवते, आणि चौथ्या प्रहरीचा मध तर निव्वळ ऐकीव आहे. सकाळी आजी उठवून हातावर तीर्थ देई. ते घेताना मला रडू येई. 'जागं ऱ्हाईल त्येला फळ' असे गावातली मोठी माणसे सांगत, आणि त्या हिशेबाने दरवर्षी माझ्या वाट्याला जेमतेम अर्धे फळ येत असे.

आमचे गाव लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातले. घर दगडमातीचे, दोन-दोन हात रुंद भिंतींचे, वर माळवद. शिवरात्रीच्या दिवशी घरात बेलाच्या पानांची टोपली, आंब्याचा मोहोर, कवठाची चटणी, उकडलेली रताळी, भगर असा थाट असे. लातूरला ग्रामदैवत सिद्धेश्वराची यात्रा याच पर्वावर भरे; ज्यांना जमे ते तिकडे जात. वडील मात्र ना यात्रेला जात, ना घरच्या पूजेला बसत. माघ वद्यात शाळूची कणसे भरलेली असतात आणि रात्री रानडुकरे शिरतात. म्हणून ते जागलीला शेतात असत. चार मेढींवर बांधलेल्या माळ्यावर घोंगडी पांघरून, मधूनच आरोळी ठोकत, ते रात्र काढीत. आजी नैवेद्य दाखवताना म्हणे, "त्याची शिवरात रानात." आजी आपल्या लेकाचा कैवार घेते आहे, एवढेच मला त्यातून कळे. त्या वाक्यात आणखी काही असेल अशी शंका येण्याचे ते वय नव्हते.

प्रत्येक महिन्याच्या वद्य चतुर्दशीला शिवरात्र असतेच. माघातली ती महाशिवरात्र. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तिकडच्या पंचांगात हीच तिथी फाल्गुनात पडते. अमावास्येच्या आदली ही रात्र. चंद्र उगवतो तो पहाटे, आणि तोही नखाएवढा. आपल्या बहुतेक सणांत दिवस मुख्य आणि रात्र त्याची शेपटी असते. येथे सगळे व्रत रात्रीसाठी आहे. सूर्यास्त ते सूर्योदय असे चार भाग, प्रत्येक भागाची वेगळी पूजा, आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारे जागरण. उपवास आणि पूजा इतर व्रतांतही असतात. शिवरात्रीचे वेगळेपण जागण्यात आहे. मग या जागण्याचा अर्थ काय, हा प्रश्न ओघानेच येतो. मी तो बरीच वर्षे टाळला. का टाळला, ते पुढे सांगते.

जागरणाचे महत्त्व मराठी मनावर ठसवले ते प्रामुख्याने श्रीधरांच्या 'शिवलीलामृता'ने. नाझरे गावचे श्रीधर मूळचे वैष्णव वळणाचे. 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप' लिहून झाल्यावर १७१८ मध्ये त्यांनी बारामतीत 'शिवलीलामृत' पूर्ण केले. चौदा अध्यायांचा हा ग्रंथ. त्यातला अकरावा अध्याय आजही असंख्य घरांत नित्यपाठात आहे. पंडिती काव्याच्या मानाने श्रीधरांची ओवी साधी, म्हणूनच तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले. पण ही ओवी वाचायची नव्हती, ऐकायची होती. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा हजारो बायकांनी ती ऐकून ऐकून पाठ केली. माझी आजी त्यांच्यापैकीच एक. पोथी तिच्यापुढे उघडलेली असे, पाने ती वेळेवर उलटी, पण वाचत असे ते स्मरणातूनच. हे मला फार उशिरा कळले.

या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायातली व्याधाची कथा वाचकांना परिचित आहेच. दिवसभर शिकार न मिळालेला एक व्याध रात्री पाणवठ्याकाठच्या झाडावर दबा धरून बसतो. झाड बेलाचे आहे आणि खाली शिवलिंग आहे, हे त्याच्या गावीही नाही. नेम धरायला आड येणारी पाने तो खुडून टाकतो, ती पिंडीवर पडतात. खायला काही मिळालेले नाही, म्हणजे उपवास घडतो. झोपला तर सावज जाईल, म्हणजे जागरण घडते. हरिणी पाण्यावर येते. मारण्याआधी मला घरी जाऊन येऊ दे, अशी विनवणी करते आणि परतण्याची शपथ घेते. तो तिला जाऊ देतो. पुढच्या प्रहरांतही असेच घडते. पहाटे सारी हरणे शब्दाला जागून परत येतात. व्याधाचे मन पालटते, धनुष्य गळून पडते, आणि हरणांबरोबर त्याचाही उद्धार होतो. आकाशातले मृग नक्षत्र म्हणजे तीच हरणे आणि मागचा तेजस्वी तारा म्हणजे तो व्याध, असे आपली परंपरा सांगते.

काही वर्षांपूर्वी नांदेडच्या माझ्या वर्गात आख्यानकाव्य शिकवताना ही कथा आली. मी ठरल्याप्रमाणे सांगितले, की भक्तीचे सामर्थ्य एवढे की नकळत घडलेली पूजाही फळते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, नकळत जागल्याचं पुण्य मिळत असेल तर रात्री चोरी करायला निघालेल्यालाही मिळालं पाहिजे. आणि दिवसभर राबून जो झोपला, त्याचं काय? त्याचा काय दोष?" वर्ग हसला. मी हसू शकले नाही. त्याच्या प्रश्नाचा पहिला भाग तर्काचा होता आणि त्याला पाठ्यपुस्तकी उत्तर देता आले असते. दुसरा भाग मला अकराव्या वर्षापासून ठाऊक होता. 'पुढच्या तासाला बोलू' असे म्हणून मी हजेरीपट उचलला. त्या पुढच्या तासाला मी दुसरेच काही शिकवले.

१९९३ ची अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. माझी मावशी किल्लारीला दिलेली. गौरी-गणपतीच्या दिवसांत ती आमच्याकडे आली होती. बरोबर माझा मावसभाऊ, माझ्याच वयाचा. विसर्जनासाठी त्याचे वडील दोघांना न्यायला आले. त्याला जायचे नव्हते. आदल्या दिवशी त्याने माझ्या कंपासपेटीतला कर्कटक वाकवला होता आणि मी त्याच्याशी अबोला धरला होता. निघताना तो दारात घुटमळला. "राहू का दोन दिवस?" असे त्याने मलाच विचारले. मोठ्यांना विचारले असते तर ते हो म्हणाले असते. मी म्हणाले, "जा तुझ्या घरी."

त्या रात्री गावोगावी गणपती विसर्जनाच्या मिरवणुका झाल्या. लोक नाचून, लेझीम खेळून उशिरा घरी आले, अंग टाकताच झोपले. चंद्र जवळजवळ पूर्ण होता. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमच्या गोठ्याची भिंत पडली, घराला तडे गेले. आजीने मला हाताला धरून अंगणात ओढले, म्हणून एवढ्यावर निभावले. किल्लारीच्या बाजूची गावे उरली नाहीत. मातीच्या जोडणीतले दगड आणि वरचे माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. मावशी, तिचे यजमान आणि माझा मावसभाऊ त्यांत होते.

रात्रीचे चार प्रहर मोजले तर तीनच्या पुढचा तो चौथा प्रहर होता.

नंतरच्या दिवसांत लोकांच्या बोलण्यात एक वाक्य वारंवार येई: "जागे होते ते वाचले." अमका रानात जागलीला होता म्हणून वाचला. तमकी बाळ रडले म्हणून उठून अंगणात आली, म्हणून वाचली. या गोष्टी खऱ्या होत्या, आणि सांगणाऱ्यांच्या मनात कुणाला दुखवावे असे काही नव्हते. पण माझ्या कानांत ते वाक्य शिवरात्रीच्या वाक्याला जाऊन चिकटले. जागे राहील त्याला फळ. जागे होते ते वाचले. म्हणजे जे झोपले त्यांचे काय चुकले? जो मिरवणुकीत नाचून दमला आणि आईच्या कुशीत झोपला, त्याने कोणते व्रत मोडले? आणि मी, जी दर शिवरात्रीला दुसऱ्या प्रहरीच पेंगत असे, ती कशी वाचले?

पुढे साहित्याची विद्यार्थिनी झाल्यावर या प्रश्नाला आणखी एक टोक फुटले. आपल्या अध्यात्मपर वाङ्मयात निद्रा हे अज्ञानाचे ठरलेले रूपक आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सर्व भूतांची जी रात्र तीत संयमी पुरुष जागा असतो, हा विचार येतो. ज्ञानदेवांपासून पुढे सर्वांनी तो आपापल्या परीने उलगडला. संतांनी लोकांना हलवून जागे केले, 'किती झोपाल' असे विचारले. या रूपकाचे सामर्थ्य मी नाकारत नाही. ते मी वर्गात शिकवते आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही काढते. पण लातूर जिल्ह्यातल्या माझ्या पिढीला ते निर्धास्तपणे वापरता येत नाही. झोपलेला म्हणजे अज्ञानी, असे म्हणताना जीभ अडखळते. आम्ही झोपलेली माणसे ओळीने पाहिलेली आहेत.

भूकंपानंतर कित्येक महिने गावात कुणी छपराखाली झोपले नाही. अंगणात, खळ्यावर, शेतात, जेथे वर काही पडण्याजोगे नाही तेथे अंथरुणे पडत. लहानसा धक्का बसला तरी सगळे गाव उठून बसे. मराठवाड्यात तेवढी जागरणे कोणत्याही व्रताने घडली नसतील. त्यात भक्ती नव्हती, नुसते भय होते. मी तर झोपतच नसे. डोळे मिटले की दारात घुटमळणारा तो दिसे. ऑक्टोबरातल्या त्या रात्रींत, पहाटेच्या सुमारास, मृग नक्षत्र डोक्याकडे चढलेले असे आणि आग्नेयेला व्याधाचा तारा लखलखत असे. आजी शेजारी पडल्या पडल्या बोट करून दाखवी: ती हरणं, तो बाण, आणि तो बघ व्याध. मी ऐके, पण काही विचारत नसे. कथेतल्या व्याधाने हरिणीला 'जा' म्हटले आणि ती परत आली. मीही 'जा' म्हटले होते.

१९९४ च्या मार्चमध्ये शिवरात्र आली. त्या वर्षी ती करावी की नाही, यावरच घरात दुमत होते. सुतक केव्हाच फिटले होते, पण उत्साह कुणाला नव्हता. आजी म्हणाली, "सण नव्हं हा. रात हाय. रात तर येणारच." अंगणात उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये चौरंगावर पिंड मांडली गेली. शेजारच्या वीरशैव घरातल्या काकूही तेथेच आल्या. त्यांच्या घराची भिंत अजून उभी राहिली नव्हती. त्यांनी गळ्यातले इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवले आणि तेथेच पूजा केली. घर नाही, देव्हारा नाही, पण तळहात आहे, तेवढी जागा पुरे. मी कंदिलाच्या उजेडात त्यांच्या हाताकडे पाहत राहिले. देव माणसाच्या अंगावर असू शकतो, हे मी एरवीही पाहिले होते. पण त्याला उभे राहायला तळहाताएवढीच जागा लागते, हे त्या रात्री दिसले.

आजीने पोथी उघडली. हरिणी व्याधाला घरी जाऊन येण्याची परवानगी मागते, तेथवर आली आणि थांबली. गळा भरून आला असेल, असे मला वाटले. पण तिने माझ्याकडे पाहिले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

"का रडूलालीस गं?"

मग मी सांगितले. कर्कटकाचे सांगितले, दाराचे सांगितले, 'जा तुझ्या घरी' हे सांगितले. पाच महिने कुणाला न सांगितलेले ते वाक्य पत्र्याखाली उच्चारताना मला वाटले, आता सगळे माझ्याकडे वळून पाहतील. कुणी पाहिले नाही. आई उठून बाहेर गेली. तिची धाकटी बहीण गेली होती. काकूंनी इष्टलिंग वस्त्रात गुंडाळले. आजी बराच वेळ गप्प होती. 'तुझा दोष नाही', 'त्याचं नशीब', 'देवाची इच्छा', यांपैकी एकही वाक्य ती बोलली नाही. याबद्दल मी आज तिची ऋणी आहे.

थोड्या वेळाने ती पोथीकडे पाहत म्हणाली, "लोक म्हणत्यात पानं पडली म्हणून व्याध तरला. पानं काय, वाऱ्यानं बी पडत्यात. मग वारा बी पुण्यवान म्हणावा का? त्येनं उपाशी पोटी हरणीचं गाऱ्हाणं ऐकलं, तितं शिवरात झाली. पानं पडली ती आपली पडली."

मग पोथी मिटून तिने माझे डोके मांडीवर घेतले. "झोप तू," ती म्हणाली. "मी हाय जागी."

शिवरात्रीच्या रात्री जागरणाचे व्रत घेतलेली बाई एका मुलीला झोपायला सांगत होती. फळाचा विचार तिच्या मनात आला नसेल, किंवा येऊनही तिने तो बाजूला सारला असेल. त्या भूकंपानंतर मी पहिल्यांदा पूर्ण रात्र झोपले. चौथा प्रहर त्याही वर्षी माझा हुकला.

वर्गातल्या त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला या मांडीवर मिळालेले होते, पण ते उत्तर आहे हे ओळखायला पंचवीसहून अधिक वर्षे लागली. व्याधाची कथा आपण 'नकळत घडलेल्या पूजेची' कथा म्हणून सांगतो आणि तेथेच चकतो. पूजेचे सारे उपचार नकळत घडले, हे खरे; पण एक गोष्ट व्याधाने जाणूनबुजून केली. भुकेला असताना हातचे सावज सोडले. दिवसा त्याने ते केले नसते. दिवसा हरिणी दिसताच बाण सुटला असता. रात्र लांब होती, वाट पाहण्यावाचून काही करता येत नव्हते, आणि अशा रिकाम्या काळात त्याला दुसऱ्याचे बोलणे ऐकू आले. जागरणाचे काम एवढेच असावे: आपल्या भुकेच्या पलीकडचा आवाज ऐकू येईल इतका वेळ आपल्याला थांबवून ठेवणे. चोर रात्रभर जागतो, पण कुणाचे ऐकण्यासाठी तो जागत नाही. म्हणून त्याचे जागणे शिवरात्र होत नाही.

आणि हरिणी? ती तर सबंध रात्र जागीच होती. घरी गेली, पिलांना पाजले, निरोप घेतला, परत निघाली. कथेत फळ व्याधाच्या नावावर लिहिले गेले, पण व्रत खरे तर तिने पाळले. शब्दाला 'जागणे' असे मराठीत म्हणतात. हा वाक्प्रचार वापरताना त्यात जागरण आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. मिठाला जागणे, वचनाला जागणे: मराठीने या क्रियापदात झोप न येण्याहून काही अधिक भरून ठेवले आहे. 'जागल' म्हणजे पिकासाठी रात्र काढणे, 'जागल्या' म्हणजे गाव झोपलेले असताना गावासाठी फिरणारा. सगळीकडे कुणीतरी दुसरे आहे, ज्याच्यासाठी हे जागणे आहे. आजी वडिलांची शिवरात रानात मांडत असे, ती कैवारासाठी नव्हे, हे मला आता कळते.

शिवरात्रीची आणखी एक कथा आहे. समुद्रमंथनातून हलाहल निघाले, शिवाने ते कंठात धरले. त्या रात्री विष अंगात भिनू नये म्हणून देवांनी त्याला झोपू दिले नाही. गात, नाचत त्यांनी रात्र जागवली, ती ही शिवरात्र, असे सांगतात. लहानपणी आमच्या गावात साप चावलेल्या माणसाला मारुतीच्या देवळात बसवून, हलगी वाजवून, गाणी म्हणून रात्रभर जागे ठेवल्याचे मी पाहिले आहे. वैद्यकाच्या दृष्टीने ते निरर्थक होते. अशा वेळी तत्काळ दवाखाना गाठावा, हेच खरे. पण त्या देवळात कुणी पुण्यासाठी बसले नव्हते. एक माणूस संकटात आहे आणि त्याला एकटे सोडायचे नाही, एवढे सगळ्यांना कळत होते. ही कथा ध्यानात घेतली की शिवरात्रीचे चित्रच पालटते. येथे देव भक्तांसाठी जागत नाही. भक्त देवाच्या उशाशी बसले आहेत. वेदना त्याची आहे. दूध, दही, तूप, मध हे सगळे पोळलेल्या गळ्यावरचे शीतोपचार आहेत. ज्याने सगळ्यांचे विष घेतले, त्याच्याजवळ एक रात्र बसून राहायचे, यापलीकडे त्या रात्रीचे मागणे नाही. रोग्याच्या उशाशी बसलेला माणूस फळ मोजत नाही. आणि शेजारी कुणी दमून झोपला तर त्याच्यावर तो रागावतही नाही. उलट अंगावर पांघरूण घालतो.

आमच्या भागात औंढा नागनाथाची कथा सांगतात. नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या मागे जायला सांगितले, ते निमूट मागे गेले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. याच औंढ्यात विसोबा खेचरांनी त्यांना देव नाही अशी जागाच नाही, हे दाखवले, असे परंपरा मानते. मला या कथेत देवाची दिशा महत्त्वाची वाटते. जे पुढे बसले त्यांच्याकडे पाठ करून देव मागे ठेवलेल्याकडे वळतो. तो जर असा असेल, तर चौथ्या प्रहरी जागे असलेल्यांनाच तेवढे मोजून घेईल, हे मला पटत नाही. माझ्या मावसभावाला त्याने झोपलेला म्हणून वगळले असेल, हे तर मुळीच पटत नाही. भूकंप का झाला, याला भूगर्भशास्त्राचे उत्तर आहे आणि मला ते पुरते. तो का गेला आणि मी का राहिले, याला उत्तर नाही, आणि कोणत्याही कथेला मी ते मागत नाही. मात्र 'जा' म्हणून झालेल्या माणसाला 'झोप, मी जागी आहे' असे कुणीतरी म्हणू शकते, एवढे मला या रात्रीने दिले.

२०२५ ची महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती. त्या रात्री मी नांदेडच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागाबाहेर बसले होते. आत आई होती. लोक गोदावरीच्या घाटाकडे, महादेवाच्या देवळांकडे दर्शनाला निघालेले येताना दिसले होते. येथे लांबट दालनात भिंतीला टेकून पंधरा-वीस माणसे बसलेली. उशाला पिशव्या, शेजारी पाण्याच्या बाटल्या, हातात औषधांच्या चिठ्ठ्या. आतून कुणाचे नाव पुकारले की सगळेच दचकून उठत. आजीने सांभाळून ठेवलेला तो बेत मला आठवला: उपवास होता, कारण जेवण सुचत नव्हते, जागरण होते, कारण नाव पुकारले जाईल या भीतीने झोप येत नव्हती. नकळत घडणारे सगळे घडत होते. कळून करायचे तेवढे राहिले होते.

शेजारी कंधारकडची एक बाई होती. तिचा नवरा आत होता, चौथा दिवस. तिने डब्यातली साबुदाण्याची खिचडी पुढे केली. मी दोन घास घेतले. पोरांच्या, पिकाच्या, औषधांच्या खर्चाच्या गोष्टी झाल्या. नंतर दोघी गप्प बसलो. खिडकीतून पश्चिमेचे आकाश दिसत होते. मृग केव्हाच मावळला होता. तीन वाजून गेले असतील. माझी मान पुन्हा पुन्हा खाली पडत होती आणि मी ती पुन्हा पुन्हा सावरत होते.

"ताई, पडा जरा," ती म्हणाली. "तुमच्या आईचं नाव पुकारलं तर मी उठवते. मी हाय की."

मी तिच्याकडे पाहिले. तिला माझे नाव ठाऊक नव्हते आणि मला तिचे. तिने आपली शाल घडी करून माझ्या डोक्याखाली सरकवली.

चौथा प्रहर सुरू झाला होता. मी झोपले.